क्लच स्लिप होतोय? प्लेटा बदलण्याआधी वायर आणि ऑइल बघा. घरीच काम करायचं असेल तर ही पद्धत

सातारा : घाट चढताना इंजिन नुसतं बोंबलतंय, पण गाडी पुढं सरकत नाही. मागं दुधाचे कॅन आहेत आणि संकलन केंद्र बंद व्हायला थोडाच वेळ उरलाय. पाटण, जावळी, वाई, माण, खटाव अशा तालुक्यांत दुचाकी ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. दूध, खत, वैरण, शाळेची पोरं, दवाखाना, सगळं तिच्यावरच चालतं. त्यामुळं क्लच गेला की घरातलं निम्मं काम थांबतं.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "क्लच प्लेटा गेल्या, बदलाव्या लागतील." कधी ते खरं असतं. पण प्लेटा चांगल्या असूनही क्लच स्लिप होऊ शकतो. वायर जास्त ताणलेली असते किंवा इंजिनात भलतंच ऑइल पडलेलं असतं. या दोन गोष्टी तपासायला एक पैसा लागत नाही आणि इंजिनही उघडावं लागत नाही. त्या तपासूनही क्लच स्लिप होत असेल तर मात्र प्लेटा बदलायची वेळ आली असं समजावं. हत्यारं आणि धीर असेल तर हे काम अंगणातही होतं. त्यासाठी काय बघायचं, काय करायचं आणि कुठं हात लावायचा नाही, याची ही माहिती.

क्लच काम कसं करतो?

गिअरच्या बहुतेक दुचाकींमध्ये ऑइलात बुडालेला, अनेक प्लेटांचा क्लच असतो. इंजिनाच्या उजव्या बाजूच्या मोठ्या कव्हराखाली तो बसवलेला असतो. जुन्या बुलेटमध्ये तो डाव्या बाजूला असतो.

त्यात दोन प्रकारच्या प्लेटा एकाआड एक बसतात. एक घर्षणाची प्लेट, जिच्यावर तपकिरी रंगाचे खरखरीत तुकडे चिकटवलेले असतात. दुसरी साधी लोखंडी प्लेट. घर्षणाच्या प्लेटांचे बाहेरचे दाते क्लचच्या हौसिंगमध्ये अडकतात आणि हे हौसिंग इंजिनाबरोबर फिरतं. लोखंडी प्लेटांचे आतले दाते मधल्या हबवर अडकतात आणि हब गिअरबॉक्सला फिरवतो. स्प्रिंगा या सगळ्या प्लेटांना घट्ट दाबून धरतात. दाबलेल्या असतात तोवर इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. लिव्हर ओढला की स्प्रिंगांचा दाब सुटतो, प्लेटा मोकळ्या होतात आणि इंजिन वेगळं पडतं.

म्हणजे क्लच नीट धरायला तीन गोष्टी जागेवर लागतात. प्लेटांवर घर्षणाचा थर हवा, स्प्रिंगांचा पूर्ण दाब हवा आणि तो दाब वायरनं अडवलेला नसावा. यातली एक जरी बिघडली तरी क्लच स्लिप होतो. लक्षण तेच, पण खर्च वेगवेगळा.

ॲक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच वेगळा असतो. तो कोरडा असतो आणि वेगानुसार आपोआप धरतो. खालची माहिती त्याला लागू होत नाही.

स्लिप होतोय की सुटत नाही?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आधी आपली कोणती ते ठरवावं.

क्लच स्लिप होत असेल तर रेस वाढवली की आवाज वाढतो, वेग वाढत नाही. चढाला आणि ओझं असताना हे जास्त जाणवतं. ॲव्हरेज कमी होतं, पिकअप जातो, कधी जळका वास येतो. अनेक 100 सीसी गाड्यांमध्ये किकची ताकदही क्लचमधूनच इंजिनाला जाते. त्यामुळं क्लच फारच गेला असेल तर किकही रिकामी जाते.

क्लच सुटत नसेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढं ओढते. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज होतो आणि उभ्या गाडीला न्यूट्रल सापडता सापडत नाही. यामागं बहुतेक वेळा वायर ढिली झालेली असते. लोखंडी प्लेटा वाकड्या झाल्या किंवा हौसिंगला खाचा पडल्या तरी असं होतं. बरेच दिवस उभी असलेली गाडी पहिल्यांदा काढताना प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. गाडी तापल्यावर ते गेलं तर काळजीचं कारण नाही.

स्लिप होणारा क्लच उताराला पण धोकादायक असतो. पसरणी घाटासारख्या रस्त्यावर खाली येताना खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागं धरून ठेवतं. क्लचच धरत नसेल तर हा आधार कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यामुळं "चालतंय तोवर चालवू" हे इथं महागात पडतं.

पहिली तपासणी : वायर

लिव्हर हलक्या हातानं ओढून बघावा. सुरुवातीला तो थोडा मोकळा हलला पाहिजे आणि मग जड लागला पाहिजे. या मोकळ्या हालचालीला फ्री प्ले म्हणतात. अनेक 100 ते 125 सीसी गाड्यांत लिव्हरच्या टोकाला हा फ्री प्ले साधारण 10 ते 20 मिलिमीटर, म्हणजे अंदाजे एका बोटाच्या जाडीएवढा ठेवतात. काही कंपन्या तो लिव्हरच्या मुळाशी मोजायला सांगतात, तिथं आकडा लहान असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्यावा.

फ्री प्ले अजिबात नसेल, तर लिव्हर न दाबताही वायर क्लचला थोडी ओढून धरते. स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर पडत नाही आणि क्लच स्लिप होतो. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वायर जुनी होऊन लांबते तसा फ्री प्ले वाढतो, पण प्लेटा झिजतात तसा तो कमी होतो. म्हणून कधीकाळी बरोबर लावलेली वायरसुद्धा काही महिन्यांनी घट्ट होऊ शकते. तिच्याकडं कुणी बघितलं नाही, की चांगल्या प्लेटाही स्लिप होऊन होऊन जळतात.

वायर दोन ठिकाणी कमी-जास्त करता येते. एक लिव्हरजवळ, रबरी टोपीखाली. दुसरी इंजिनाजवळ, जिथं दोन नट असतात. मोठा फरक इंजिनाजवळ काढायचा आणि बारीक फरक लिव्हरजवळ. नंतर हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं फिरवून फ्री प्ले परत बघायचा. तो बदलत असेल तर वायर कुठंतरी अडकली आहे किंवा चुकीच्या बाजूनं नेली आहे.

वायरचे धागे तुटलेले दिसले, लिव्हर सोडल्यावर पटकन मागं येत नसला किंवा वायर आतून गंजली असली, तर वायर बदलावी. प्लेटांच्या संचापेक्षा ती खूप स्वस्त पडते.

दुसरी तपासणी : ऑइल

दुचाकीत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना बहुतेक वेळा एकच ऑइल असतं. चारचाकीचा क्लच ऑइलात नसतो. त्यामुळं चारचाकीच्या अनेक ऑइलांमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. इंजिनाला ती चांगली, पण दुचाकीच्या क्लचला मारक. कारण क्लच घर्षणावरच चालतो. जीपचं किंवा ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल दुचाकीत ओतायची सवय इथंच नडते.

ऑइलचा डबा घेताना त्यावर इंग्रजी अक्षरांत "जासो एमए" किंवा "जासो एमए2" छापलेलं आहे का ते बघावं. ऑइलात बुडालेल्या क्लचसाठी हीच प्रत चालते. "जासो एमबी" ही प्रत बिनगिअरच्या स्कूटरसाठी असते, ती गिअरच्या गाडीत घालू नये. ऑइलचा जाडपणा, म्हणजे 10 डब्ल्यू 30, 20 डब्ल्यू 40 वगैरे, मॅन्युअलप्रमाणे घ्यावा. ॲव्हरेज वाढवतो असं सांगून विकलेली कसलीही बाटली ऑइलात मिसळू नये.

चुकीचं ऑइल पडलं असेल तर ते पूर्ण काढून योग्य ऑइल भरावं आणि दोन-चार दिवस गाडी बिनओझ्याची चालवून बघावी. कधी कधी एवढ्यावरच काम भागतं. प्लेटा आधीच जळलेल्या असतील तर मात्र ऑइल बदलून फरक पडत नाही. ऑइल काढताना त्याचा वास घ्यावा. जळका, उग्र वास आणि तळाशी काळा बारीक चुरा दिसला तर तो बहुधा प्लेटांवरचा घर्षणाचा थर असतो.

तिसरी तपासणी : गाडी चालवून

वायर बरोबर, ऑइल बरोबर. आता मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये 35-40 च्या वेगानं चालवावी आणि एकदम रेस द्यावी. आवाज आणि वेग बरोबरीनं वाढले तर क्लच ठीक आहे. आवाज आधी चढला आणि वेग मागून रेंगाळत आला, तर प्लेटा किंवा स्प्रिंगा गेल्या. ही चाचणी वर्दळीत करू नये. हेल्मेट घालूनच करावी.

घरी उघडावं की नाही?

पुढच्या तीनपैकी एकही गोष्ट लागू होत असेल तर काम गॅरेजलाच द्यावं.

गाडी वॉरंटीत असेल तर घरी उघडू नये. नंतर दुसरा बिघाड निघाला तरी वाद होतो.

दुसरी गोष्ट क्लचच्या मधल्या हबची. काही गाड्यांत वरचे बोल्ट आणि स्प्रिंगा काढल्या की प्लेटा थेट हातात येतात. काहींमध्ये हब एका लॉक रिंगनं धरलेला असतो, तो लॉक प्लासनं निघतो. आणि काहींमध्ये हबवर चार खाचांचा गोल नट असतो. त्याला खास सॉकेट आणि हब धरून ठेवणारं हत्यार लागतं. हा नट छिन्नी-हातोड्यानं ठोकून काढणारे पुष्कळ आहेत. त्यात खाचा तुटतात, लोखंडाचे बारीक कण इंजिनात पडतात आणि ठोके शाफ्टच्या बेअरिंगला बसतात. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे इंजिन उघडायच्या आधीच स्पेअर पार्टच्या दुकानात विचारावं. उघडल्यावर कळलं तर गाडी तालुक्याला न्यायची कशी, हा प्रश्न पडतो. कव्हर काढलेली गाडी चालवता येत नाही.

तिसरी गोष्ट, सकाळी हीच गाडी दूध घेऊन जाणार असेल तर रात्री काम काढू नये. पहिल्यांदा करणाऱ्याला अर्धा दिवस लागतो. एखादं पॅकिंग फाटलं तर दुकान उघडेपर्यंत थांबावं लागतं.

आधी जमवायचं सामान

- आपल्या मॉडेलचा क्लच प्लेटांचा संच. दुकानदाराला गाडीचं नाव आणि सालही सांगावं. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार प्लेटा बदललेल्या असू शकतात.
- स्प्रिंगांचा पूर्ण संच. एक-दोन बदलून चालत नाही.
- उजव्या कव्हराचं नवीन पॅकिंग आणि ड्रेन बोल्टचा वॉशर.
- किक शाफ्टचं ऑइल सील, पाझरत असेल तर.
- मॅन्युअलप्रमाणे नवीन ऑइल. त्याशिवाय प्लेटा भिजवायला थोडं.
- 8, 10, 12, 14 आणि 17 नंबरचे पाने, टी-पाना, लॉक प्लास, रबरी किंवा लाकडी हातोडी.
- पसरट भांडं, सुती फडकं, पुठ्ठा आणि मोबाइल.

नवीन घर्षणाच्या प्लेटा आदल्या रात्रीच स्वच्छ ऑइलात बुडवून ठेवाव्यात. कोरड्या प्लेटा बसवून गाडी चालू केली तर पहिल्याच ओढीत त्या करपतात.

उघडताना

जागा सपाट आणि वारा नसलेली निवडावी. खाली गोणपाट अंथरू नये, त्याचे धागे इंजिनात जातात. धुतलेला प्लॅस्टिकचा कागद बरा. इंजिनाची उजवी बाजू आधी धुऊन, पुसून घ्यावी. कव्हर काढल्यावर वरची माती थेट आत पडते.

इंजिन कोमट असताना गाडी मधल्या स्टँडवर घेऊन ऑइल भांड्यात काढावं. ऑइल वाचवायला गाडी डावीकडं आडवी पाडायची युक्ती काही जण करतात. त्यात पेट्रोल सांडतं, बॅटरीतलं पाणी गळतं. ती करू नये. मग इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्यावा.

किक, उजवा फूटरेस्ट आणि आड येत असेल तर ब्रेकचा पायडल किंवा सायलेन्सर सोडवावा. क्लच वायर ढिली करून इंजिनाकडच्या टोकातून काढावी. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढावा. बसवताना स्वतःच्याच गाडीचा फोटो कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कामाला येतो.

कव्हराचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढावा आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर आटे जातात किंवा इंजिनाचा भाग फुटतो.

सगळे बोल्ट निघाल्यावर कव्हर रबरी हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकावं. ते सुटलं नाही तर एखादा बोल्ट राहिलाय का बघावं. मधे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. दोन्ही बाजूंच्या सपाट कडांना ओरखडा पडला की तिथून कायमचं ऑइल पाझरतं. कव्हर निघताना त्यातल्या दोन छोट्या पोकळ पिना, वॉशर किंवा क्लच दाबणारा तुकडा खाली पडतो का तिकडं लक्ष ठेवावं.

आता क्लच समोर दिसतो. स्प्रिंगांवरचे बोल्ट एकदम काढायचे नाहीत. समोरासमोरचे घेऊन प्रत्येकाला थोडं थोडं ढिलं करायचं. एकाच बाजूचे काढले तर दाब तिरका पडतो आणि ॲल्युमिनियमचा खांब तुटतो. नंतर प्लेटा ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं फडक्यावर मांडायच्या आणि फोटो काढायचा.

काय बघायचं?

घर्षणाच्या प्लेटा नव्या प्लेटेशेजारी धरून जाडी बघावी. झीज मिलिमीटरच्या काही भागांएवढीच असते, नुसत्या डोळ्यांना फसवते. जवळ व्हर्नियर असेल तर मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघावं. तुकडे निघालेले, काळे पडलेले किंवा गुळगुळीत चकचकीत झालेले असतील तर प्लेट गेली.

लोखंडी प्लेट सपाट काचेवर ठेवावी. कुठं फट दिसली किंवा प्लेट डुलली तर ती वाकडी आहे. निळे-जांभळे डाग म्हणजे ती तापून गेली आहे. अशी प्लेट बदलावी. जुन्या वाकड्या लोखंडी प्लेटांवर नव्या घर्षणाच्या प्लेटा बसवल्या तर पैसे वाया जातात.

स्प्रिंगा नव्या स्प्रिंगेशेजारी उभ्या ठेवाव्यात. जुन्या आखूड दिसल्या तर त्या दमल्या आहेत.

हौसिंगच्या बोटांवर प्लेटांच्या दात्यांनी खाचा पाडल्यात का, ते बोट फिरवून बघावं. खोल खाचा असतील तर नव्या प्लेटाही त्यात अडकतील आणि क्लच सुटणार नाही. अशा वेळी हौसिंग बदलावं लागतं. ते घरी करण्यापेक्षा गॅरेजला दिलेलं बरं.

कव्हर उघडलंच आहे तर आतली ऑइलची जाळीही काढून रॉकेलनं किंवा डिझेलनं धुवावी. अनेक 100 सीसी गाड्यांत ती याच बाजूला तळाशी असते.

बसवताना

जुनं पॅकिंग लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडावं. त्याआधी उघड्या इंजिनावर फडकं झाकावं. पॉलिश पेपर वापरू नये, त्याची वाळू आत जाते.

प्लेटा निघाल्या त्याच क्रमानं बसवायच्या. बहुतेक छोट्या गाड्यांत सुरुवात आणि शेवट घर्षणाच्या प्लेटेनं होतो आणि मधे लोखंडी येतात. म्हणजे लोखंडी प्लेटा एकनं कमी असतात. काही गाड्यांत शेवटच्या प्लेटेचे दाते वेगळ्या खाचेत बसतात. इथं आपला फोटो बघावा. सगळ्या प्लेटा बसल्यावर त्या जागच्या जागी थोड्या हलल्या पाहिजेत. दाते खाचेत न बसता वरच राहिले आणि बोल्ट आवळले तर प्लेट तुटते.

स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे. हे बोल्ट 6 मिलिमीटरचे असतात. त्यांना साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटरएवढाच जोर लागतो. टॉर्क पाना नसेल तर छोटा टी-पाना मनगटाच्या जोरानं बसेल तेवढाच पुरे. पान्याला पाइप लावून जोर द्यायचा नाही. "जरा आणखी घट्ट" म्हणणाऱ्याच्या हातूनच आटे जातात.

पोकळ पिना जागेवर आहेत का बघून नवीन पॅकिंग लावावं. कागदी पॅकिंगला पेस्टची गरज सहसा पडत नाही. जास्त पेस्ट लावली तर आतल्या बाजूला तिच्या वळ्या सुटून ऑइलची वाट तुंबते. किकच्या शाफ्टवरच्या खाचांना ग्रीस लावूनच कव्हर सरकवावं, नाहीतर ऑइल सील कापलं जातं. कव्हर हातानं पूर्ण टेकल्यावरच बोल्ट आवळायचे. बोल्टच्या जोरावर कव्हर आत ओढायचं नाही.

ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसह लावावा, मोजून ऑइल भरावं आणि शेवटी वायर जोडून फ्री प्ले लावावा. नव्या प्लेटा जाड असल्यानं जुनी मापं चालत नाहीत. फ्री प्ले पहिल्यापासून लावावा लागतो.

चालू करताना

चावी बंद ठेवून, गाडी न्यूट्रलला घेऊन किक हातानं पाच-सहा वेळा सावकाश दाबावी. काही अडकलं तर जोर न देता पुन्हा उघडून बघावं. मग लिव्हर दाबून, गिअर टाकून गाडी ढकलून बघावी. चाक मोकळं फिरलं म्हणजे क्लच सुटतोय.

इंजिन चालू करून दोन-तीन मिनिटं फिरू द्यावं. कव्हराच्या कडेनं आणि ड्रेन बोल्टपाशी ऑइल पाझरतंय का बघावं. बंद करून थोडा वेळ थांबावं आणि ऑइलची पातळी पुन्हा तपासावी. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, सावकाश. ब्रेकचा पायडल आणि फूटरेस्ट काढले होते, तर मागचा ब्रेक लागतोय याची खात्री केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

सुरुवातीचे 100-200 किलोमीटर जड ओझं आणि घाट टाळावा. त्यानंतर फ्री प्ले एकदा परत बघावा, तो थोडा बदललेला असतो.

नव्या प्लेटा पुन्हा का जळतात?

सगळ्यात मोठं कारण अर्धवट दाबलेला लिव्हर. खड्ड्यातून, चिखलातून, चढावर गाडी गिअर न बदलता हाफ क्लचवर ओढली, की प्लेटा एकमेकींवर घासून तापतात. चढाला उभं राहायचं असेल तर ब्रेक धरावा, क्लचवर गाडी तोलू नये. चालवताना दोन बोटं कायम लिव्हरवर ठेवायची सवयही तशीच. बोटांचं वजनही वायर ओढायला पुरतं.

दुसरं कारण ओझं. 40 लिटरच्या एका भरलेल्या कॅनमध्ये दुधाचंच वजन 41 किलोच्या आसपास होतं. दोन कॅन म्हणजे 80 किलोच्या वर, कॅनचं वजन वेगळं. युरियाचं एक पोतं 45 किलोचं. स्प्लेंडरसारख्या गाडीचं स्वतःचं वजन 112 किलोच्या घरात असतं. म्हणजे दोन कॅन आणि चालवणारा मिळून गाडीपेक्षाही जास्त वजन होतं. हे ओझं घेऊन निघताना पहिल्या गिअरलाच निघावं, लिव्हर सावकाश पण पूर्ण सोडावा आणि चढ लागायच्या आधीच गिअर खाली घ्यावा. दुसऱ्या गिअरला हाफ क्लचवर गाडी उचलायची सवय असेल तर कुठल्याही कंपनीच्या प्लेटा टिकणार नाहीत.

जुनं ऑइल कुठं टाकायचं?

बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ अजिबात नाही. देशातल्या 2016 च्या धोकादायक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं. ते जमिनीत मुरलं की माती आणि पाणी दोन्ही खराब होतं. झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं. जनावरांच्या जखमेला किंवा गोचिडांवर जुनं ऑइल चोळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, तीही बंद करावी. जनावर ते चाटतं आणि ते पोटात जातं. काम झाल्यावर हात साबणानं धुवावेत. ऑइलनं भिजलेली फडकी चुलीजवळ ठेवू नयेत.

गॅरेजला काम दिलं तरी

ज्यांना घरी उघडायचं नाही त्यांनीही वायर आणि ऑइल आधी स्वतः तपासावं. मग गॅरेजमध्ये तीन गोष्टी मागाव्यात. काढलेल्या जुन्या प्लेटा आणि स्प्रिंगा परत द्यायला सांगाव्यात, नव्या सामानाचं बिल घ्यावं आणि भरलेल्या ऑइलचा डबा बघावा. जुन्या प्लेटा नव्या प्लेटेशेजारी धरल्या की त्या खरंच झिजल्या होत्या की नाही ते कळतं.

प्लेटा बदलल्याची तारीख आणि त्या वेळचं किलोमीटर मोबाइलमध्ये किंवा गाडीच्या कागदपत्रांबरोबर लिहून ठेवावं. पुढच्या वेळी क्लच लवकर गेला तर प्लेटा खराब होत्या, ऑइल चुकलं की चालवण्याची सवय नडली, हे ठरवायला तो आकडा उपयोगी पडतो. आणि महिन्यातून एकदा, टाकीत पेट्रोल भरताना, लिव्हर ओढून फ्री प्ले बघावा. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.